पाहण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?

समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्यांना नातेवाईक जास्त असतात, असं माझं निरीक्षण आहे. जून ते मार्च आम्हाला उचकीसुद्धा लागत नाही. पण हापूसच्या पेट्या बाजारात दिसायला लागल्या, की पुणे, ठाणे, डोंबिवलीहून फोन सुरू होतात. ‘सहज केला होता’ असं म्हणून केलेला फोन फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो : “बाकी रत्नागिरीत पाहण्यासारखं काय काय आहे हो?”

याचं खरं उत्तर मी कुणाला देत नाही. कारण आमच्याकडे पाहण्यासारखं जे आहे ते बहुतेक दोनच प्रकारच्या माणसांचं : ज्यांना इथून हलायची परवानगी नव्हती त्यांचं, आणि जे वेळीच निघून गेले त्यांचं. लोकमान्य १८५६ साली टिळक आळीत जन्मले आणि दहा वर्षांचे होताहोता वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेले. त्यांचं जन्मस्थान आम्ही जिवापाड जपलं आहे. मालगुंडच्या केशवसुतांचंही तेच; नोकरीपायी मुंबई, खानदेश, धारवाड झालं, स्मारक तेवढं गावात आहे. भागोजीशेठ कीर मुंबईला जाऊन मोठे झाले आणि तिथल्या कमाईतून त्यांनी इथे १९३१ साली पतितपावन मंदिर उभं केलं. त्यामागे सावरकर, जे १९२४ पासून १९३७ पर्यंत इथे स्थानबद्ध होते. म्हणजे गावातून गेलेल्याचा पैसा आणि गावातून जाऊ न दिलेल्याचा विचार. हौसेनं आला आणि राहिला, असा माणूस शोधावाच लागतो.

या सगळ्यांत पाहुण्यांचा लाडका थिबा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला बायकामुलांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. का, तर इथे येणं कठीण आणि इथून जाणं त्याहून कठीण. साहेबाची पारख अचूक. आमच्याकडे रेल्वे यायला पुढे शंभरावर वर्षं गेली. राजाला स्वतःचा राजवाडा मिळाला १९१० साली, म्हणजे येऊन २४ वर्षं झाल्यावर. पाहुणे हळहळतात. आम्ही हळहळत नाही. कोकणात घर व्हायला एवढा वेळ लागतोच. जागेचा सात-बारा सामाईक असता तर राजा वारला तरी पायाभरणी झाली नसती. त्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ साली गेला, समाधीही इथेच आहे.

गेल्या मे महिन्यात पुण्याचे भावजी आले होते. ह्यांचे आतेभाऊ, निवृत्त, आणि म्हणून कशालाही मोकळे. थिबाची हकिगत मी रंगात येऊन सांगत होते. जांभ्या दगडाचा वाडा, अर्धगोल खिडक्या, लाकडावरचं नक्षीकाम. भावजी गहिवरून म्हणाले, “वहिनी, बिचाऱ्याला किती जड गेलं असेल नाही इथे राहणं?” सासूबाई ओसरीवर फणसाचे गरे काढत बसल्या होत्या. हाताला खोबरेल तेल, मांडीशी विळी. मान वर न करता म्हणाल्या, “त्याला तरी इंग्रजांनी पकडून आणला हो. तुम्हाला कोणी आणला?”

भावजी मनमोकळे आहेत, हसले. मग त्यांना वाडा दाखवायला नेलं, तर फाटकाला कुलूप. सोमवार. आत सरकारी संग्रहालय आहे आणि त्याला सोमवारची सुट्टी. पाहुण्यांचा रत्नागिरीतला मोकळा दिवस नेमका सोमवारीच कसा पडतो, हे पंचांगकर्त्यांनी एकदा पाहावं. बाहेरूनच फोटो काढून आम्ही पुढे निघालो.

पुढे म्हणजे समुद्र. आमच्याकडे काळा समुद्र आहे आणि पांढरा समुद्रही आहे, हे ऐकून पाहुण्यांना आपण रशियाच्या बाजूला निघालोय की काय असं वाटतं. मांडवीची वाळू काळी, मिऱ्याकडची पांढरी, एवढाच त्याचा अर्थ. काळ्या वाळूवर मे महिन्याच्या दुपारी अनवाणी उतरू नका, असं मी सांगते. ऐकत कोणी नाही. समुद्र म्हटला की पुण्याचा माणूस चपला हातात घेतो.

गणपतीपुळ्याला तर चपला काढाव्याच लागतात. तिथे डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला, चांगली किलोमीटरभर. पहिल्या वळणापर्यंत सगळे भाविक असतात. त्यानंतर सावली दिसेल तिकडे उड्या मारत जाणारी माणसं उरतात. जाऊबाई एका झाडाखाली थांबल्या त्या थांबल्याच. “तुमची झाली की माझीही झाली धरा,” म्हणाल्या.

माझ्या मते गावात खरं पाहण्यासारखं आहे ते मिरकरवाडा बंदर. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलावाचा आरडाओरडा सुरू होतो आणि कोळणी पाहुण्याच्या चेहऱ्यावरून बांगड्याचा भाव ठरवतात. रत्नदुर्गावरून, भगवतीच्या देवळाकडून, हे बंदर फार देखणं दिसतं आणि भावजींनी ते तिथूनच पाहिलं, कारण तिथवर वास येत नाही. रात्री पानात सुरमई आल्यावर मात्र, “एवढी ताजी मिळते कुठे तुम्हाला?” असं विचारलं.

एक माणूस मात्र या गावात आपल्या मर्जीनं परत आला होता. थिबाची थोरली राजकन्या. राजाकडच्या एका मराठी नोकरावर तिचं मन बसलं. राजा गेल्यावर राणी १९१९ साली मायदेशी परतली, मुलीही गेल्या. पण ही पुन्हा रत्नागिरीला आली आणि हालअपेष्टांत का होईना, इथेच राहिली. तिची लेक तर बोलण्याचालण्यात इथलीच झाली. ही गोष्ट संपली तेव्हा भावजी बराच वेळ खाडीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाट्याच्या बाजूला फ्लॅट बुक केला.

“वहिनी, आता मी इथे कायमचा!” पेट्या टपावर बांधता बांधता ते म्हणाले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. आमच्याकडचा पाऊस पुण्याच्या चौपट. जुलैत एकदा आले, भिजलेले कपडे चार दिवस वाळेनात, पाचव्या दिवशी गेले. मासेमारी बंद असते, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

आता किल्ली माझ्याकडे आहे. बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून जाऊन फ्लॅट उघडते, झाडते, वारा देते. गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून मान डावीकडे काढली, तर समुद्र दिसतोही, साधारण वाटीभर. पाहुण्यांना मी हल्ली तोही दाखवते. फुकट आहे, आणि सोमवारीही उघडा असतो.