आवाजाचं बिल मिळालं, शेठ!

श्रीयुत ठेकेदारशेठ यांस,


आपलं बिल पोचलं. बोर्ड, चॅनेल, स्क्रू, जॉइंट टेप, पुट्टी, मजुरी आणि सगळ्यात शेवटी ‘वेस्टेज’, असं सारं सुवाच्य अक्षरात मांडलंत. घरातल्या एकूण कामात हे बिलच काय ते सरळ ओळीत आहे, म्हणून आधी त्याचं कौतुक करते. एक बाब मात्र आपण भिडेखातर लावलेली दिसत नाही. आवाज! पलीकडच्या गल्लीत माणसं एकमेकांशी खुणांनी बोलू लागतील इतका आवाज आपण सकाळ-संध्याकाळ फुकट पुरवलात. धुळीचंही तेच. इतकं औदार्य बरं नाही, शेठ. धंदा बुडेल.

एरंडोलकरांना धुळीचं नवल नाही. महामार्गाचं चौपदरीकरण चाललं तेव्हा फागण्यापासून तरसोदपर्यंतच्या गावांनी ती पोटभर खाल्ली. पण ती रस्त्यावरची होती. दार लावलं की बरीचशी बाहेर राहायची. आपण ती थेट घरात बनवून दिलीत, ताजी ताजी.

आमचं मागणं साधं होतं. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर होता. दुपार कशीबशी निभायची. आता सिमेंटचा स्लॅब आहे आणि वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की तो रात्री उशिरापर्यंत खोलीत ऊन ओकतो. म्हणून खाली जिप्सम बोर्डाचं सीलिंग करायचं आणि न्हाणीघराशी सिमेंट बोर्डाचं एक पार्टिशन घालायचं, बस्स. “आखाजीच्या आत देतो, काकू. हुई जाई!” असं आपण म्हणालात. आखाजीला लेकी माहेरी येतात, हे खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लेकी आल्या. झोका बांधला. मांडे झाले. सीलिंग मात्र अर्ध्यावर लटकत होतं आणि आलेल्या लेकी आल्या पावली फडकी घेऊन खिडक्या पुसत होत्या.

आपलं सामान उतरलं तेव्हा मी उभी राहून बघत होते. त्यात करवत दिसली नाही, गुण्या दिसला नाही, सूत मारायची दोरी दिसली नाही. दिसला तो मार्बल कटर. चार इंचांचं पातं, मिनिटाला बारा हजारांच्या घरात फेरे. पात्यावरचं झाकण काढून टाकलेलं, कारण म्हणे त्याने रेघ दिसत नाही. बटणावर चिकटपट्टी, कारण म्हणे सारखं दाबून बोट दुखतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे माणसाची बोटं शाबूत राहायची, त्या दोन्ही बोटांच्या सोयीसाठी रद्द! फरशी आणि संगमरवर कापायला केलेलं हे यंत्र आपण प्लायवर चालवलंत, सनमायकावर चालवलंत, जिप्समवर चालवलंत आणि सिमेंट बोर्डावरही चालवलंत. बंदीची पाटी फक्त भाकरीवर होती.

भाकरी वाचली, बिबडे नाही वाचले. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून, तीळ-लसूण घालून पहाटेच्या गारव्यात थापलेले बिबडे गच्चीवर बाजेवरच्या जुन्या पातळावर वाळत होते. “वर मोकळी हवा आहे,” असं म्हणून आपण बोर्ड तिथेच कापायला काढलेत. हवा होतीच, आणि वारा नेमका बाजेकडे होता. थोड्या वेळाने जाऊन बघते तो तीळ कुठला आणि लसूण कुठला ते ओळखू येईना. आपण समजूत घातलीत: “झटकी टाका, काकू. खडूच शे तो.” त्या खडूकडे पुढे येतेच. आधी रेषेचं बघू.

आपल्यासारख्या जाणत्याला जिप्सम बोर्ड काय असतो ते सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजवा, तरी सांगते. दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा गर, एवढंच ते प्रकरण. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी अशा बोर्डाचं पेटंट १८९४ मध्ये घेतलं. गर ठिसूळ असतो. वाकताना ताण सोसतो तो कागद. म्हणून कागद जिथे चिरला जाईल तिथेच बोर्ड मोडतो, आणि चीर सरळ असेल तर मोडही सरळ येतो. याला वीज लागत नाही. एक धारदार कटर सुरी आणि एक सरळ पट्टी पुरते.

ती सुरीही मोठी मौजेची आहे. १९५६ मध्ये जपानमधल्या ओसाकात योशिओ ओकाडा नावाच्या माणसाने ती शोधली. छापखान्यात कागद कापताना पाती बोथट व्हायची. जुने चांभार काचेचा तुकडा मोडून मोडून नवी धार काढत आणि चॉकलेटची वडी आखलेल्या रेघांवर अलगद तुटते, या दोन गोष्टींवरून त्यांना तुकड्या-तुकड्याने मोडणारं पातं सुचलं. गंमत बघा, शेठ. पातंही रेघेवर मोडतं आणि बोर्डही रेघेवरच मोडतो. दोघांचा स्वभाव एक असताना आपण मध्ये बारा हजार फेरे घातलेत.

आणि कागदाच्या बाबतीत एरंडोलला कुणी शिकवायला नको. देशी हातकागदासाठी हे गाव एकेकाळी नावाजलेलं होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये एरंडोलच्या नोंदीत तो धंदा आवर्जून सांगितला आहे. कागद बनवणाऱ्या त्या पिढ्यांनी तो सुरीनेच कापला असणार. त्यांच्याच गावात कागद कापायला फरशीचं यंत्र आणण्याचा मान आपला.

आता एक गोष्ट सांगते, ती आपल्याला ठाऊक नसणार. आपण मटेरियल आणायला जळगावला गेला होतात आणि लाइट गेली. यंत्र गप्प झालं. आपला तो पोरगा (वय विचारलं तर “अठरा” म्हणाला, पण म्हणताना माझ्याकडे न बघता मोठ्या कारागिराकडे बघत होता) थोडा वेळ नुसता बसून राहिला. मग थैलीतून पिवळी कटर सुरी काढली. पात्याचं बोथट टोक पकडीने मोडलं. सीलिंगचाच एक लांब सेक्शन बोर्डावर रेघेला लावून त्यावर गुडघा टेकवला आणि सुरी एका दमात वरून खाली ओढली. खोल नाही, कागद चिरेल आणि गराला ओरखडा पडेल इतकीच. मग बोर्ड थप्पीच्या कडेला आणून तळव्याने दाबला. कट् असा एकच आवाज. तुकडा मागच्या कागदावर दुमडला गेला. मागून सुरी फिरवली, तुकडा सुटला. लाकडाच्या ठोकळ्याला सॅंडपेपर गुंडाळून कडेवरून दोनदा फिरवला. खाली पडली ती चिमूटभर भुकटी, ती त्याने पायानेच बाजूला सारली.

तो बोर्ड देवघराशेजारी लागला आहे. कडेला अख्ख्या लांबीत नख शिरत नाही. घरातला सगळ्यात सरळ सांधा लाइट नसताना झाला.

मी त्याला विचारलं, “अरे, हे तुला येतं, तर मग ते यंत्र कशाला?” तो हसला आणि म्हणाला, “शेठ म्हणतात, मशीन चालली की काम दिसतं.”

शेठ, मी नमस्कार करते. आपल्या धंद्याचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. सुरीने काम केलं तर गल्लीला पत्ता लागत नाही. घरमालकाला वाटतं, पोरं बसून पैसे खातायत. यंत्राने तेच काम केलं की खिडक्या हादरतात, शेजारी डोकावतात, वर धुळीचा लोट उठतो आणि मालक मनात म्हणतो, बाबा रे, काम चाललंय! गिऱ्हाइकाला रेघ कळत नाही, पण आवाज कळतो, हे आपण बरोबर हेरलंत. वेळ वाचवण्याचा तर प्रश्नच नव्हता. वायर ओढा, प्लग शोधा, पातं बदला, धूळ खाली बसायची वाट बघा, एवढ्यात त्या पोराचे किती बोर्ड मोडून झाले असते.

सरळपणाचंही सांगते. रेघ यंत्र धरत नाही, पट्टी धरते. पट्टीशिवाय हातात धरलेलं यंत्र पेन्सिलच्या रेघेजवळून आपल्या मर्जीने जातं. बैठकीत मधोमध जो सांधा आहे, तिथे कागद उसवला होता आणि फट बोटभर होती. ती पुट्टीने लिंपली. आता तिथे केसासारखी चीर दिसते. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच किंचित उतरत्या येतात, जोडावर टेप आणि पुट्टी बसून सपाटी राहावी म्हणून. आपण त्या कडा भिंतीकडे सारल्या आणि कापलेल्या कडा खोलीच्या मध्यावर आणल्या. मग मोडलेल्या तुकड्यांचे पैसे ‘वेस्टेज’मध्ये लावले. नासाडीची मजुरी घ्यायची आणि नासाडीची किंमतही घ्यायची, हा हिशेब वाणसामानवाल्यालासुद्धा अजून जमलेला नाही.

आता तो खडू. जिप्समपुरतं आपलं बोलणं मी अर्धंमुर्धं धरून चालते. डोळे चुरचुरले, खोकला आला, बिबडे गेले, ठीक. पण न्हाणीघराशी आपण कापलात तो सिमेंट बोर्ड, आणि त्यात वाळूतली सिलिका असते. ती यंत्राने कोरडी कापली की तिचा इतका बारीक भुगा होतो की डोळ्यांना दिसत नाही आणि पोराने तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाही. तो फुफ्फुसात जाऊन बसतो आणि तिथून परत निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेली खराबी भरून काढणारं औषध नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने कामाच्या जागी श्वासातून जाणाऱ्या या भुकटीला १९९७ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातलं. ऑस्ट्रेलियात ओट्यांचे कृत्रिम दगड कापून कापून तरुण कारागिरांच्या छात्या निकामी झाल्या, तेव्हा त्या सरकारने १ जुलै २०२४ पासून तो दगडच बंद केला. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची नोंद करणं बंधनकारक केलं. पण माझं न्हाणीघर म्हणजे कारखाना नव्हे. तिथे कुणी इन्स्पेक्टर येत नाही, याची आपल्याला पुरती खात्री होती.

सिमेंट बोर्डालाही कडक टोकाची सुरी आहे. दोन-चारदा ओरखडून तोही मोडता येतो. नाहीतर हातकरवत आहे, पाणी मारून कापणं आहे. उलट आपण निघता निघता म्हणालात, “मागच्या पडवीचा जुना सिमेंटचा पत्राही कापून देतो, फुकटात.” त्याला मी नको म्हटलं, ते आपल्याला लागलं. शेठ, त्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. केंद्राने या खनिजाच्या खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबवलं. पत्रे मात्र परदेशातून आणलेल्या तंतूंवर बनतच राहिले. तो पत्रा जागेवर गप्प पडून आहे तोवर बरा. त्यावर यंत्र चालवायचं आणि वर फुकट, हे दान मला पेलवलं नसतं.

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. त्या नगरीतल्या बकासुराचा दर ठरलेला होता: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. राक्षस खरा, पण व्यवहाराला चोख. कुणाची पाळी आहे ते आधी कळायचं आणि बदल्यात तो गावाचं रक्षण करायचा. आपल्या बिलात माणसाची ओळ नाही. ती त्या पोराच्या खात्यावर लिहिली जाते आणि त्याला वीस वर्षांनी कळते.

शिल्लक रक्कम मी लिफाफ्यात घालून ठेवली आहे. बुडवायची आमच्यात रीत नाही. नेण्यापूर्वी एवढं करावं. बैठकीतले सांधे उकलून ते बोर्ड सुरीने आणि पट्टीने नव्याने कापून बसवावेत. ‘वेस्टेज’ची ओळ आपल्याच सुवाच्य अक्षरात खोडावी. यंत्राचं झाकण परत बसवावं, बटणावरची चिकटपट्टी काढावी आणि सिमेंट बोर्डाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला रुमाल नव्हे, धुळीचा खरा मास्क द्यावा. आणि त्या पोराचं वय खरोखर अठरा असेल, तर गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला त्याला लिहून द्यावा. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला तो लागतो. अठरा नसेल, तर त्याला घरी पाठवावं आणि आजवरची मजुरी त्याच्या हातात द्यावी. ती मी लिफाफ्यातून वेगळी काढून ठेवते.

कळावे, लोभ आहेच, तो धुळीसारखा वाढत जावा अशी इच्छा नाही.

आपली,
बिबडे नव्याने थापायला घेतलेली एक घरमालकीण,
एरंडोल

ता. क.: सुरीने केलं तर काम दिसणार नाही, ही आपली काळजी मी समजू शकते. त्याचा बंदोबस्त करते. काम झालं की गल्लीतल्या सगळ्या बायकांना बैठकीत बोलावीन आणि मधला सांधा कुठे आहे तो शोधायला लावीन. ज्या दिवशी एकीलाही सापडणार नाही, त्या दिवशी लिफाफा घेऊन जा.