आउटफिल्डरचा हंगाम सोसण्याची शास्त्रोक्त पद्धत

बेसबॉल कसा खेळावा याची पुस्तकं ढिगाने आहेत. बेसबॉलचा हंगाम कसा सोसावा, याबद्दल मात्र शास्त्रकार गप्प आहेत. ती उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केलं आहे. ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. एप्रिलमध्ये एखाद्या आउटफिल्डरवर जीव जडवायचा, जूनमध्ये त्याला थेट कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये नेऊन बसवायचं, ऑगस्टमध्ये 'गेला हा कामातून' म्हणून हात झटकायचे आणि सप्टेंबरअखेर 'मी पहिल्यापासून सांगत होतो' असं जाहीर करायचं, असा ज्यांचा नेम आहे, अधिकार फक्त त्यांचा. अभ्यासासाठी २०१७ सालचा न्यूयॉर्क यांकीजचा राइट फील्डर अ‍ॅरन जज घेतला आहे. त्याच्या त्या हंगामाइतका चढउताराचा हंगाम दुसरा नाही, असं सांगितलं जातं. ते चढउतार जजचे किती आणि बघणाऱ्याचे किती, हा आमचा वादविषय. आमचा कल कुठे आहे, हे सुज्ञांच्या ध्यानात आलंच असेल.

पूर्वतयारी म्हणून आदल्या वर्षाचे आकडे एका कागदावर उतरवून तो कागद डोळ्यांसमोर लावावा. ऑगस्ट २०१६ मध्ये जज पहिल्यांदा बॅटिंगला आला आणि त्याने पहिल्याच खेपेला होम रन मारला. इथवर चाहत्याला पाठ असतं. पुढचं तो विसरतो. जज त्या वर्षी २७ सामने खेळला, ८४ अधिकृत प्रयत्नांपैकी ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, आणि त्याचा बॅटिंग अ‍ॅव्हरेज राहिला .१७९. हा आकडा जजने स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवला होता, रोज नजरेला पडावा म्हणून. ज्याची नामुष्की त्याने ती जपून ठेवली; ज्यांनी फक्त टीव्ही लावला होता, त्यांनी ती एप्रिल उजाडताच पुसून टाकली. आकडा वाचायचा कसा, तेही इथेच सांगून टाकतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला .३०० म्हणजे दहातून तीनदा यश, बाकी सात वेळा मान खाली, हे भलतंच वाटतं. पण या खेळात तीनदा जमणाऱ्याची गणना मोठ्यांत होते आणि दोनदाच जमणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. पुढचा सगळा विचार या तीन आणि दोनच्या फटीत करायचा आहे.

आता मुख्य विधी. आठवड्याच्या आकड्यांवरून मत बनवू नये. हे पथ्य वाटायला सोपं, पाळायला महाकठीण, म्हणून त्यामागचं गणित देतो. आठवड्याला साधारण सहा सामने, म्हणजे वीस-पंचवीस अधिकृत प्रयत्न. त्यांत .३०० आणि .२०० यांच्यातलं अंतर किती, तर दोन किंवा तीन हिट. एक चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातमोज्याला चाटून निसटला, एक वाऱ्याने दोन फूट आत आला, एक सेंटर फील्डरने जिवावर उदार होऊन टिपला, की झाला आठवडा वाईट. तेवढ्यावर मंडळी जेवणाच्या टेबलावर 'त्याचा आत्मविश्वास ढासळलाय' असं निदान करतात. कुणाचा आत्मविश्वास दोन हिटवर ढासळत असेलच, तर तो सोफ्यावर बसलेल्याचा. १६२ सामन्यांच्या हंगामाकडे व्रत म्हणून बघावं. रोज फळाची चौकशी करणाऱ्याला व्रत फळत नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. आठवडा सोडा, महिना तर घ्याल? जजचा ऑगस्ट .१८५ चा होता आणि सप्टेंबर .३११ चा, होम रन ऑगस्टमध्ये ३, सप्टेंबरमध्ये १५. याला योगायोग म्हणणं हा शुद्ध वकिली कावा झाला. मान्य. महिन्याला नव्वदेक प्रयत्न धरले तर या दोन अ‍ॅव्हरेजमध्ये अकरा-बारा हिटचं अंतर पडतं, आणि होम रनमधलं अंतर नेमकं १२ आहे. म्हणजे घट झाली ती जवळजवळ सगळी होम रनमध्ये. बाकीचे हिट तेवढेच होते. होम रन नशिबाने कुंपणापार जात नाही, त्याला जोर लागतो. तेव्हा ऑगस्टमध्ये खरोखरच काहीतरी बिघडलं होतं. भांडण आहे ते 'काहीतरी' या शब्दाच्या जागी चाहत्याने काय भरलं, त्यावर.

चाहत्याने भरली होम रन डर्बी, म्हणजे हंगामाच्या मध्यावर होणारी होम रन मारण्याची स्पर्धा. १० जुलैला मायामीत जजने तिन्ही फेऱ्या मिळून ४७ होम रन मारले आणि अंतिम फेरीत मिगेल सानोला हरवलं. त्यानंतर बॅट थंडावली. सबब डर्बीने स्विंग बिघडवला. कार्यकारणभावाचा हा नमुना पत्रिका जुळवणाऱ्यांनाही मत्सर वाटावा असा आहे. मुळात डर्बीचं बोलावणं कुणाला जातं? ज्यांचा अर्धा हंगाम डोळे दिपवणारा गेला, त्यांना. जजचा अ‍ॅव्हरेज तोवर .३२९ होता, होम रन ३०. शिखरावरच्या माणसाला निवडून दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागलं, तर तो खालीच येणार, मधे डर्बी असो वा सत्यनारायण. दुसरा पुरावा: जजने सलग ३७ सामन्यांत किमान एकदा स्ट्राइकआउट होण्याचा जो कुप्रसिद्ध क्रम लावला, तो सुरू झाला ८ जुलैला, डर्बीच्या दोन दिवस आधी. तिसरा पुरावा जियानकार्लो स्टँटन. तोही आउटफिल्डर, त्याच डर्बीत खेळलेला, आणि ऑगस्टमध्ये त्याने १८ होम रन मारले. 'पण तो पहिल्याच फेरीत बाद झाला, त्याला फार फटके मारावेच लागले नाहीत,' असं उत्तर तयार असतं. ठीक. मग किती फटक्यांनंतर विष चढतं, तेवढं सांगावं. ते कुणी सांगत नाही.

मग 'काहीतरी'च्या जागी काय भरावं? नोव्हेंबरमध्ये जजच्या डाव्या खांद्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा डावा खांदा पिचरच्या दिशेला असतो आणि बॅट ओढून आणायचं काम त्याच्याकडे असतं. ऑगस्टचं सगळं खापर खांद्यावर फोडता येणार नाही, कारण सप्टेंबरचे १५ होम रनही त्याच खांद्याचे. पण डर्बीच्या शापापेक्षा सांध्याचं दुखणं हे बरं उत्तर आहे, आणि त्यात पिचरांनीही भर घातली. जजला सरळ वेगाचा चेंडू टाकायचाच नाही, स्लायडर बाहेर आणि खाली सोडायचा, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

जजची ९९ नंबरची जर्सी ऑगस्टमध्ये धुवायला टाकू नये. लोक भलता अर्थ काढतात.

सर्वांत महत्त्वाची कृती आता येते. चाहत्याने बॅटर काय मारतो याच्याइतकंच काय सोडतो, तेही बघायला शिकावं. जज त्या वर्षी २०८ वेळा स्ट्राइकआउट झाला, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याने १२७ वॉकही (चार बॉल सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) घेतले, तेही सर्वाधिक. नवख्या खेळाडूने इतके वॉक त्याआधी कधीच घेतले नव्हते. दोन्ही आकडे एकाच स्वभावाची पिल्लं आहेत: हवा तो चेंडू मिळेपर्यंत थांबायचं. थांबणाऱ्याच्या पदरात वॉकही पडतो आणि तिसरा स्ट्राइकही. ऑगस्टमध्ये हिट आटले, तरी तो दर तीन खेपांमागे एकदा पहिल्या बेसवर जात होता. आता जरा बारकाईने बघा. स्ट्राइक झोनची खालची सीमा बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखाली असते, म्हणजे झोन माणसागणिक बदलतो. जज सहा फूट सात इंच. अंपायरच्या डोळ्याला सवय सहा फुटी माणसाची. त्यामुळे जजच्या नडगीपाशी आलेला चेंडू, जो नियमाने बॉल, तो कितीदा तरी स्ट्राइक म्हणून पुकारला गेला. त्या वेळी टीव्हीवर त्याचा चेहरा बघावा. एकदा मागे वळून बघतो, ओठ आवळतो, पुन्हा उभा राहतो. शब्द नाही. आम्ही इकडे अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो आणि ज्याचा घास काढून घेतला तो हातमोजा घट्ट करतोय. जजला सामन्यातून पहिल्यांदा बाहेर काढलं गेलं ते थेट २०२४ मध्ये. असल्या माणसावर रागावून राहणं शास्त्राला धरून नाही, आणि खरं सांगायचं तर जमतही नाही.

भारतातल्या साधकांसाठी वेळेची सूचना. ब्राँक्समधला संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो. २०१७ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तास पाच मिनिटं चालत असे. म्हणजे तेव्हा सुटका पावणेआठच्या सुमारास, तीही इनिंग वाढल्या नाहीत तर. पिचर टोपी सारखी करतोय, कॅचर उठून त्याच्याशी गुजगोष्टी करायला निघालाय, बॅटर हातमोज्याचा पट्टा काढून पुन्हा लावतोय. अरे, टाका ना चेंडू! दूधवाला येऊन गेला, पेपर आला, आणि यांची अजून पाचवी इनिंग. न्यू जर्सीतल्या एडिसनचा मराठी माणूस हे ऐकून हसतो. तिथे हाच सामना रात्रीच्या जेवणासोबत होतो. त्याच्या मताला आम्ही थोडं कमी वजन देतो.

हंगामाच्या बेरजेबद्दल चार ओळी पुरेत, कारण बेरीज झाल्यावर वाद उरत नाही. अ‍ॅव्हरेज .२८४. होम रन ५२, नवख्या खेळाडूंचा तेव्हाचा विक्रम. मार्क मॅग्वायरचे १९८७ मधले ४९ मागे पडले. सर्वोत्कृष्ट नवख्याचा मान एकमताने. सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या मतदानात तो ह्यूस्टनच्या होजे अल्टुव्हेच्या मागे दुसरा आला. त्या वर्षीच्या ह्यूस्टन संघाने पुढे कॅमेऱ्यातून विरोधकांच्या खुणा चोरल्याचं उघड झालं, त्यावर यांकीजचे चाहते अजून बोलतात. त्यांना बोलू द्यावं. जूनमध्ये हॉल ऑफ फेम आणि ऑगस्टमध्ये अडगळ, अशी दोन टोकं गाठणाऱ्याने या बेरजेशी आपली मतं ताडून पाहावीत. त्याचा कोणताच निकाल बेरजेच्या जवळपासही आढळणार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. बेरीज ठीक, पण ऑक्टोबरच्या बाद फेरीचं काय? तिथे बेरजेला वेळच नसतो. क्लीव्हलँडविरुद्धच्या मालिकेत जज वीस प्रयत्नांत सोळा वेळा स्ट्राइकआउट झाला. एका मालिकेत इतके कुणीच झालं नव्हतं. हा उतार नव्हे तर काय? उतारच. फक्त एक लक्षात असू द्यावं: आउटफिल्डर हा पद म्हणून फील्डर आहे, आणि ही गोष्ट त्याच्या पदाच्या नावातच असून चाहत्याला दिसत नाही, कारण अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात ती बसत नाही. ८ ऑक्टोबरचा तिसरा सामना बघा. यांकीज मालिकेत ०-२ ने मागे, हरले तर घरी. सहाव्या इनिंगपर्यंत कुणाचीच धाव नाही. क्लीव्हलँडच्या फ्रान्सिस्को लिंडोरने उजवीकडे उंच फटका मारला. जज मागे सरकत कुंपणाला पाठ टेकेपर्यंत गेला, हात वर केला आणि स्टँडमध्ये पडणारा चेंडू हातमोज्यात घेतला. ज्या उंचीमुळे वर्षभर नडगीवरचे स्ट्राइक सोसले, ती तिथे वसूल झाली. पुढच्या इनिंगमध्ये यांकीजच्या ग्रेग बर्डने होम रन मारला आणि सामना १-० ने सुटला. त्या दिवशी जजच्या बॅटला एकही हिट लागला नव्हता. २०१७ चा ऑगस्ट पुन्हा कुणी उकरून काढला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता एवढी एक इनिंग त्याला दाखवावी. यांकीजनी ती मालिका ३-२ ने जिंकली.