काठीवाल्या काकांच्या भरवशावर

एटीएमच्या दाराशी खुर्चीत काका, हातात काठी, डोक्यावर कॅमेरा. आतलं यंत्र मात्र २०१८ पर्यंत कित्येक ठिकाणी विंडोज एक्सपीवर! मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीतून अंग काढून घेतलं; पुढे सापडणारी भोकं फुकटात बुजवून मिळणार नव्हती. बँकांनी ती उंदरांसाठी राखून ठेवली असावीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा संगणकी किडा खंडणी मागत जगभर फिरला, तेव्हा तेराव्याला औषध पाठवावं तसं कंपनीने एक्सपीलाही एक ठिगळ धाडलं. आमचं ‘चालतंय की’ चालूच. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने छडी उगारली: जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने प्रणाली बदला. तोवर पैसे सांभाळले ते काकांनीच. तेही दुपारची झोप न मोडता.