शिक्षण परिषदेतले गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी वर्गात असतात तोवर गुरुजी असतात; आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेला आले की चौथीतल्या द्वाड पोरासारखे वागू लागतात. मागची रांग धरायची, सुलभकाची नजर चुकवून महागाई भत्त्याचं परिपत्रक वाचायचं आणि 'गट पाडा' म्हणताच नेमकं पाणी प्यायला उठायचं. 'यांना शिकायचंच नसतं' हा वरिष्ठांचा निष्कर्ष इथूनच निघतो. निष्कर्ष सोयीचा आहे. पुरावा मात्र उलट सांगतो. त्या दिवसाचा कार्यक्रमच पाहा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक. मग फोटो, कारण अहवालाला फोटो लागतो. त्यानंतर पीपीटी. ती पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून केंद्राला येईतो इतकी झिजते, की सुलभकही अधूनमधून 'हे वरून आलंय' म्हणून हात झटकतो. विषय कृतियुक्त अध्यापन. कृती एकच, ऐकणे. दोन शिक्षकी शाळेत एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला एका इयत्तेच्या आदर्श वर्गाचं नियोजन समजावलं जातं, तेव्हा त्याने पेंगणं हा मला तरी आळस वाटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली, आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीनुसार व्हावा, असंही म्हटलं. पैकी ५० तास केंद्रापर्यंत सुखरूप पोचले. आवड वाटेत कुठेतरी उतरली.

आता याच गुरुजींना चहाच्या वेळी गाठा. वाडीवरच्या शाळेतल्या मॅडम हातच्याची वजाबाकी काड्यांचे गठ्ठे सोडवून कशी घेतली ते सांगत असतात, आणि सकाळपासून डुलक्या घेणारे गुरुजी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते उतरवून घेत असतात. 'गठ्ठा सोडायला पोरं तयार होतात का हो?' हा त्यांचा प्रश्न दिवसभरातला एकमेव खरा शैक्षणिक प्रश्न असतो. कुणी म्हणेल, चहावर बदल्यांच्याच गप्पा होतात. होतात की! बदली, फरक आणि जुनी पेन्शन झाल्याशिवाय घसा मोकळा होत नाही. पण एवढं उरकूनही पाच-दहा मिनिटं वजाबाकीला उरतात, हे विशेष. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नवं पाठ्यपुस्तक, मूल्यमापनाची नवी पद्धत चहाच्या टपरीवर कशी कळणार? ते वरूनच यायला हवं, हे मान्य. त्याला तासभर द्यावा, आणि उरलेला दिवस खडू मॅडमच्या हाती द्यावा. मागची रांग पुढे सरकते की नाही, ते कोणत्याही केंद्रप्रमुखाला डोळ्यांनी पाहता येईल. अर्थात मॅडमची सुलभक म्हणून रीतसर नेमणूक झाली, की पुढच्या महिन्यात त्यांनाही पीपीटी पाठवली जाईल, हा धोका आहेच.