झाड आमचे, झोळी तुमची

प्रति,
मा. व्यवस्थापकसाहेब,
(खाणे, पिणे, पोहणे आणि लोळणे एकाच बिलात बसवणारे),
पुंता काना, डोमिनिकन रिपब्लिक.

विषय : आपल्या मनगटी पट्ट्यामुळे भांडुपातील एका कुटुंबास पडलेल्या खर्चाबाबत.

महोदय,

आपली-माझी ओळख नाही. तरी गेल्या नाताळापासून आपण आमच्या घरी मुक्कामाला आहात, म्हणून हे पत्र.

झाले असे की, न्यू जर्सीत राहणारी माझी ताई आणि भावोजी दोन्ही मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत आपल्याकडे पाच रात्री राहून आले. दिवसभराचे फोटो ते संध्याकाळी जेवायला बसले की ग्रुपवर टाकत. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आमच्याकडे पहाटेचे पाच. मुंबईला लागणारे बहुतेक पाणी आमच्या भांडुपात शुद्ध होते, पण आमच्या इमारतीत ते पहाटे पाचला येते आणि सातला जाते. मी पिंपात पाइप धरून उभा, बायको हंडे मोजतेय, आणि नेमके त्याच वेळी तिच्या मोबाइलमध्ये तुमचे पाणी येई. निळे, स्वच्छ आणि चोवीस तास.

एका फोटोत भावोजी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. हातात नारळ, नारळात छोटी कागदी छत्री. "नारळाला छत्री कशाला?" बाबांनी विचारले. प्रश्न रास्त होता. नारळ जन्मभर उन्हातच असतो.

फेब्रुवारीत भावोजी भांडुपला आले, तेव्हा आपला नारिंगी पट्टा त्यांच्या मनगटावर तसाच होता. बोटभर रुंद, प्लास्टिकचा, एकदा अडकवला की कात्रीशिवाय न सुटणारा. इस्पितळात पेशंटला बांधतात त्याचाच चुलतभाऊ. त्यावरचे आपले नाव आंघोळींनी अर्धे पुसले होते, पण भावोजींचा जीव त्यातून निघत नव्हता. "हा हातात असला ना, की कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "जेवायला जा, पुन्हा जेवायला जा. हात वर करायचा, बस."

कुणी काही विचारत नाही! महोदय, आमच्या बायकोने एवढे एकच वाक्य उचलले. बाकी समुद्र वगैरे नंतर.

बाबांचे मात्र आपल्याविषयी मत चांगले नाही. त्यांच्या लेखी वेस्ट इंडीज म्हणजे १९७१. वाडेकरांचा संघ पोर्ट ऑफ स्पेनला विंडीजला पहिल्यांदा हरवतो, मडगावचे दिलीप सरदेसाई मालिकेत ६४२ धावा काढतात, आणि पहिल्याच दौऱ्यावर गेलेला गावसकर चार कसोटींत ७७४. त्यातही शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. किंग्स्टन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन ही नावे बाबा मुलुंड, नाहूर, भांडुप म्हणावीत तशी एका दमात म्हणतात. पण तिथे समुद्रही आहे, हे त्यांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी भावोजींच्या फोटोवरून कळले. त्यांच्या नकाशात पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे एक खेळपट्टी आणि भोवती प्रेक्षक. आपल्या देशात क्रिकेट नाही, बेसबॉल खेळतात, हे ऐकल्यावर तर त्यांनी आपल्याला यादीतूनच काढले. "मग ते कसले वेस्ट इंडीज?"

आपल्याकडे येण्याच्या चौघांच्या विमानतिकिटांचा आकडा मी एकदा पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. तडजोड म्हणून सुचवले, की भांडुपलाही समुद्र आहे, फक्त त्याला खाडी म्हणतात. पूर्वेला उदंचन केंद्राकडे गेले की मिठागरे, तिवरे आणि थंडीपासून मेपर्यंत फ्लेमिंगोंचे थवे. २०१५ साली खाडीचे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर यादीत नाव लागले. गुलाबी पक्षी तुमच्याकडेही आहेत, पण आमच्याकडे ते रिक्षाच्या भाड्यात पाहता येतात. यावर बायकोने फक्त नाकाला पदर लावला.

अखेर तोडगा जाहिरातीने काढला. 'अगदी कॅरिबियन! तेही आपल्या कोकणात!' ठिकाण तारकर्ली.

इथे इतिहासाचा एक हिशेब चुकता झाला, तो नोंदवून ठेवतो. कोलंबस हिंदुस्थानला म्हणून निघाला आणि १४९२च्या डिसेंबरात तुमच्या बेटावर उतरला. आम्ही तुमच्याकडे म्हणून निघालो आणि मालवण तालुक्यात उतरलो. फरक इतकाच, की कोलंबसाला आपण चुकलो हे मरेपर्यंत पटले नाही. आम्हाला दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला पटवून देण्यात आले.

कारण आमचे मूळ गाव आचरे. तारकर्लीहून तासाभराच्या अंतरावर. घर आहे, विहीर आहे, काकी आहे आणि चालत गेले तर समुद्रही आहे. मग गावी का गेलो नाही? महोदय, तुम्ही चाकरमानी नाही, तुम्हाला कळायचे नाही. गावी गेलेला चाकरमानी सुट्टीवर नसतो, ड्युटीवर असतो. मे महिन्यात गेलात तर पावसाआधी घराचे नळे परतायचे, विहिरीतला गाळ काढायचा, तलाठ्याकडे खेपा मारायच्या, आणि सामाईक कलमांचे आंबे कोणी काढले यावर खळ्यात बसून तीन भावकींचे ऐकायचे. शिवाय वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारणार : कधी इलास? कधी जातलस? पोरगी कितवीक? वजन वाढला मां? पगार किती? भावोजींच्या पट्ट्याची खरी किंमत आम्हाला तेव्हा कळली. समुद्र तर आमच्याकडे फुकट होता. एका रात्रीचे साडेसहा हजार आम्ही मोजले ते न विचारण्याचे.

गाडीचे सांगतो. मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरला १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली म्हणतात. कोकणची गाडी मात्र भांडुपला थांबत नाही. तेव्हा चार बॅगा आणि बाबा असे सामान स्लो लोकलने ठाण्याला, तिथून रात्रीच्या गाडीने कुडाळला, तिथून रिक्षाने तारकर्ली.

रिसॉर्ट छान होते. रिसेप्शनवर कोकम सरबत दिले आणि पोहण्याच्या तलावासाठी मनगटाला पट्टाही बांधला. निळा. बायकोने पहिला फोटो त्याचाच काढून ग्रुपवर टाकला. समुद्राचा नंबर चौथा लागला.

दोन माडांच्या मध्ये झोळी बांधलेली होती. हॅमॉक. मी तिच्यात शिरलो, आणि शिरणे व निघणे ही दोन वेगवेगळी शास्त्रे आहेत हे शिकलो. पाऊण तास आतच होतो, म्हणून बरेच चिंतन झाले. हा हॅमॉक शब्दच मुळी तुमच्या बेटांवरच्या टाइनो लोकांचा. हरिकेन आणि बार्बेक्यूही त्यांचेच. कोलंबसाच्या माणसांनी टाइनोंना पुरते उद्ध्वस्त केले, शब्द तेवढे बोटीत घालून नेले. उलट ज्या माडाखाली आपण पाहुण्यांना लोळवता, तो माड तुमचा नव्हे. तो आमच्या बाजूच्या समुद्रांतून युरोपीय जहाजांनी तुमच्याकडे आणला. आंबा, ऊस, केळे यांनीही पूर्वेकडूनच वाट धरली. नीरफणस कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून तुमच्या शेजाऱ्यांकडे उतरवला. आमच्या काकीच्या परसातला काजू मात्र तुमच्या बाजूच्या खंडातला, पोर्तुगीजांनी आणलेला. पपई, पेरू, मिरचीही तिकडचीच. म्हणजे झाड आमचे, झोळी तुमची, आणि भाडे दोन्हीकडे पाहुण्याने भरायचे.

तुमच्या फोटोंत एक गोष्ट नव्हती, ती ताईने नंतर फोनवर सांगितली. सकाळी किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा थर लागलेला असतो आणि पाहुणे उठायच्या आत ट्रॅक्टर तो उचलून नेतो. सारगॅसम म्हणे. २०११पासून तुमच्याकडच्या किनाऱ्यांना त्याने छळले आहे. ऐकून मला तुमच्याविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला वादळांची धास्ती, आम्हाला पावसात जलक्रीडा बंद. २०२१च्या मेमध्ये तौक्ते आले, तेव्हा याच किनाऱ्यावर माड आडवे झाले होते. जाहिरातीतला समुद्र सगळीकडे सारखाच असतो. उरलेला ज्याचा त्याला सांभाळावा लागतो.

आता नाश्त्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळी वाढणारा मुलगा बाबांकडे टक लावून पाहत होता. तिसरी आंबोळी वाढताना त्याने विचारले, "तुमी आचऱ्याचे मां?"

बाबांनी बाणेदारपणे आयुष्यात पहिल्यांदा सांगितले, "नाही. भांडुपचे."

मुलगा हसला आणि आत गेला. साहेब, तुमच्या बेटावर माणूस लपू शकत असेल. मालवणात नाही. साडेअकराला काकी रिसॉर्टच्या दारात हजर. एसटीने आलेली, नऊवारीत, काखेत छत्री (ती मात्र खरी, कागदी नव्हे) आणि हातात पिशवी. पिशवीत स्टीलचा तीन ताळी डबा. वरच्या ताळात घावने, मधल्यात ओल्या काजूची उसळ, खालच्यात बांगड्याचे तिखले. झाकणाला रुमाल बांधलेला, तरी तिरफळाचा वास रिसेप्शनभर.

काउंटरवरचा तरुण नम्र होता. तो नोकरीला नवा होता आणि बहुधा घाटावरचा. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले : बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे.

काकीने पाटी वाचली. मग त्याच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. "भायरचा?" ती म्हणाली. "रे बाबा, भायरचे ते. मी हयलीच."

यावर काय बोलायचे याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले नव्हते. आम्हालाही नाही.

मग काकीने मुलीचे मनगट धरले, निळा पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि काळजीने विचारले, "दवाखान्यातसून इलंस काय गो?"

शेवटी आम्हीच डब्यासकट फाटकाबाहेर गेलो आणि सुरूच्या सावलीत वाळूवर पंगत मांडली. साडेसहा हजारांची खोली मागे रिकामी, समोर तोच समुद्र, आणि तो आता कोणाच्याच पॅकेजमध्ये नव्हता. काकीने खर्च विचारला. मी निम्मा सांगितला. तिने तेवढ्यावरच हिशेब केला, "येवढ्यात न्हाणीघर झाला असता." लांबून झोळी दिसत होती. "ती पोरांका निजवतत," ती म्हणाली, "मोठ्यांका नाय." मी विषय बदलला.

मुलीने तिला विचारले, "काकीआजी, तुम्ही कधी सुट्टीला जाता की नाही?" आणि काकी गावपळणीबद्दल बोलायला लागली. आपल्या माहितीसाठी लिहितो, कारण या व्यवसायात आपल्याला असा प्रतिस्पर्धी दुसरा नाही. दर तीन-चार वर्षांनी आमच्या रामेश्वराचा कौल झाला की अख्खे आचरे गाव रिकामे होते. गुरे, कोंबड्या, कुत्री, म्हाताऱ्या सगळे बरोबर घेऊन लोक वेशीबाहेर जातात, झावळ्यांच्या राहुट्या बांधतात आणि तीन दिवस, तीन रात्री तिथे राहतात. गावात चिटपाखरू नसते. बाहेर फुगड्या, भजने, मासे पकडणे, रात्रभर गप्पा. पुन्हा कौल मिळाला की घरी. बुकिंग नाही, पट्टा नाही, आणि कोणी मागे राहत नाही. तुमच्याकडे सगळे पॅकेजमध्ये येते म्हणतात. या तीन दिवसांत कोंबडीसुद्धा येते.

"तू लहान होतास तेव्हा इललंस एकदा," काकी मला म्हणाली. "रडत होतास, घराक जावचा नाय म्हणान."

असो. तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. 'कुणी काही विचारत नाही' ही सोय आपण ज्या दराने विकता, तो दर फलकावर वेगळा लिहावा. समुद्र, नारळ व छत्री यांच्या किमतीत तो लपवू नये.

२. झोळीतून बाहेर पडण्याच्या सूचना मराठीत लावाव्यात. भावोजींनाही अडचण आली होती, फक्त तो फोटो त्यांनी टाकला नाही.

३. पट्टा परत घेण्याची व्यवस्था करावी. भावोजींचा अजून हातात आहे. ताईला शरम वाटते.

आमचा निळा पट्टा भांडुपला पोहोचल्याच्या रात्री बायकोने कात्रीने कापला. काकीचा डबा मात्र ओट्यावर आहे. घासून, पुसून, तिन्ही ताळी उघडी करून वाळवलेला. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, आणि कुरिअरने तर नाहीच. तेव्हा त्यात काय भरायचे यावर सध्या घरात चर्चा चालू आहे, आणि बायकोने गणपतीच्या गाडीचे आरक्षण कधी उघडते ते कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. परतीची तारीख तिने घातलेली नाही.

कळावे,

आपला,
फाटकाबाहेर जेवलेला एक पाहुणा,
भांडुप (प.), मुंबई

ता. क. : बाबा विचारतात, आपल्याकडे क्रिकेट कधी सुरू होणार? झाले तर ते आपल्याला पुन्हा यादीत घेतील. छत्रीबद्दलही खुलासा करावा.