हे त्यात धरलंय ना?

सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवर पेनांग-फुकेतच्या बोटीची रांग असो, नाहीतर मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर गोवा-लक्षद्वीपची, त्या रांगेत एक गृहस्थ हमखास सापडतात. वय साठीपुढचं. निवृत्ती बँकेतून, एलआयसीतून किंवा पाटबंधारे खात्यातून. अंगात लेकीने आणलेला फुलाफुलांचा बुशशर्ट आणि त्याच्या खिशात जुनंच बॉलपेन. यांना आपण क्रूझकाका म्हणू. त्यांच्याबद्दल सर्वमान्य मत असं की ते कंजूष आहेत आणि समुद्रावर जाऊन नुसते खातात. यातला पहिला आरोप खोटा आहे आणि दुसरा जवळजवळ खरा. माझं म्हणणं एवढंच आहे की काका समुद्रासाठी बोटीवर जात नाहीत आणि बंदरांसाठी तर मुळीच जात नाहीत. प्रत्येक गोष्टीची किंमत विचारल्याशिवाय तिच्याकडे बघायचं नाही, या सवयीने त्यांना जन्मभर चैन करू दिलेली नसते. बोटीवर त्या सवयीला चार दिवस रजा मिळते, आणि काका त्या रजेचं तिकीट काढतात.

पुरावा हवा असेल तर मुख्य भोजनगृहातलं मेनूकार्ड बघा. जमिनीवरच्या हॉटेलात काका मेनू उजवीकडून वाचतात. आधी आकडा, आकडा पटला तर पदार्थ. कोफ्ता खावासा वाटत असताना डाळ तडका मागवायचा, हे चाळीस वर्षं चाललेलं असतं. याला कंजुषी म्हणणं अन्याय आहे, कारण दोन मुलांची शिक्षणं आणि ठाण्यातला वन बीएचके त्या न खाल्लेल्या कोफ्त्यांतूनच उभा राहिलेला असतो. बोटीवरच्या मेनूकार्डाला मात्र उजवी बाजूच नसते. सूप, सॅलड, मुख्य पदार्थ, गोड, आणि समोर नुसता कोरा कागद. पहिल्या रात्री काका कार्ड उलटं करून मागची बाजू तपासतात. मग वेटरला खालच्या आवाजात विचारतात, "हे त्यात धरलंय ना?" वेटर फिलिपिनो असला तर हा प्रश्न इंग्रजीत करावा लागतो. गोव्याचा तारवटी निघाला तर उत्तर कोकणीत येतं आणि काकांचा जीव भांड्यात पडतो. ते एक गोड मागवतात. मग धीर करून दुसरं. दुसऱ्यातला शेवटचा घास ते फार सावकाश खातात, कारण या घासाबद्दल कुणालाही, अगदी स्वतःलाही, जाब द्यायचा नाही हे त्यांना नुकतंच उमगलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, सगळं जर त्यात धरलेलं आहे, तर काकूंच्या बॅगेत भडंग, खाकरे आणि आल्याच्या वड्या कशाला? शंका रास्त आहे, पण तिने माझा मुद्दा पक्काच होतो. जन्मभराची सवय पहिल्याच रात्री सुटत नाही. समजा उद्या स्वयंपाकघर बंद पडलं, तर भडंग आहे. वड्या बोट लागू नये म्हणून आणलेल्या असतात. या मोठ्या बोटींना लाटांचा डोल कमी करणारे पंख बसवलेले असल्यामुळे शांत हवेत बोट चालू आहे की उभी, तेही कळत नाही, आणि वड्या शेवटी बुफे पचवायला कामी येतात. सवयीचा दुसरा पुरावा तरणतलावाकाठी मिळतो. सकाळी साडेसहाला काका तिथल्या चार खुर्च्यांवर टॉवेल टाकून येतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे. मालक नसलेले टॉवेल ठराविक वेळाने उचलले जातील, अशी पाटी तिथे असते. म्हणून काका ठराविक वेळाने येऊन टॉवेलांची कूस बदलून जातात. सुटण्याआधीच्या सुरक्षा कवायतीला इतर प्रवासी कुरकुरत येतात. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली झालेल्या पहिल्या सागरी सुरक्षा कराराची ही पुढची पिढी. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज कळले की आपली माहिती पुरी, असं लोकांना वाटतं. काका मात्र वेळेआधी हजर असतात आणि जीवरक्षक जाकिटाच्या शिट्टीबद्दल प्रश्नही विचारतात. कवायतसुद्धा त्यात धरलेली असते.

खरी परीक्षा होते ती बंदरात. पेनांगला बोट थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते. जुनं शहर धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एकाच टापूत क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मनचं देऊळ, कपितान केलिंग मशीद आणि पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या. या शहराला युनेस्कोने 2008 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. काका त्याला अडीच तास देतात. नाश्ता पुरता आटोपल्याशिवाय उतरायचं नाही आणि दुपारच्या जेवणाआधी परत यायचं, कारण दोन्हींचे पैसे भरलेले आहेत. याला अरसिकपणा म्हणून सोडून देता येईल, पण त्या अडीच तासांत काकांचं काय होतं ते बघा. धक्क्याचं फाटक ओलांडताक्षणी किमती परत येतात. शहाळं दिसलं की रिंगिटचे रुपये सुरू. टॅक्सीवाल्याने आकडा सांगितला की काका आधी हसतात, मग चालायला लागतात. देवळात तेवढा चेहरा निवळतो, कारण तिथे किती टाकायचं ते आपल्या हातात असतं. फुकेतला तर बोट अनेकदा पातोंगसमोर खाडीत नांगर टाकते. नंबर घेऊन छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायचं आणि उन्हात रांग लावून परत यायचं. जेवणाच्या वेळेला परतण्याची खात्री नाही, म्हणून काका उतरतच नाहीत. तीन हजार माणसं किनाऱ्यावर गेल्यावर अख्खी बोट त्यांची होते. लिफ्ट लगेच येते, गरम पाण्याच्या कुंडात पाय पसरता येतात आणि टॉवेल टाकायची गरज पडत नाही. बोटीचा खरा आनंद ती बंदरात उभी असतानाच घ्यावा, हे त्यांचं मत मला खोडून काढता आलेलं नाही.

या ठिकाणी जुने जाणते कोकणवासी हळहळतात. खरा समुद्रप्रवास आमच्या वेळी होता, म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढायचं, डेकवर वळकटी पसरायची, रात्रभर वारा खात रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत जायचं. हळहळ खरी आहे, पण तिचा आधार कच्चा आहे. त्या बोटीतला चाकरमानीही समुद्र बघायला निघालेला नसायचा. त्याला गाव गाठायचं होतं आणि रस्ते धड नव्हते. कित्येक बंदरांत तीही बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, पोरंबाळं, ट्रंका पडावातून किनाऱ्याला लागायच्या. फुकेतला वेगळं काही होत नाही. रस्ते आणि रेल्वे आल्यावर समुद्रावरून जायचं कारण उरलं नाही. काकांनी फक्त नवं कारण शोधलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे प्रवासी बंदरात गर्दी करतात, खातात-पितात बोटीवर आणि गावाला काही देत नाहीत, ही तक्रार जगभर आहे. व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून मोठ्या बोटींना 2021 पासून बंदी आहे. या आरोपात काका दोषी आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही.

मग असं गिऱ्हाईक कंपनीला परवडतं कसं? क्रूझचा धंदा तिकिटावर पुरा होत नाही. 2023 साली रॉयल कॅरिबियनला मिळालेल्या जवळपास 1,390 कोटी डॉलरांपैकी तीस टक्क्यांहून थोडे अधिक तिकिटाबाहेरून आले. दारू, कॅसिनो, फोटो, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली. त्यासाठी बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. केबिनचं दार उघडणारं कार्डच टेकवायचं, म्हणजे खर्च हाताला लागत नाही. काका ते कार्ड गळ्यात घालतात आणि दारापलीकडे कशालाही टेकवत नाहीत. नाट्यगृहातून जेवायला जायचा रस्ता कॅसिनोतूनच काढलेला असतो, तेव्हा काका तिथे थांबून दुसरे कसे हरतात ते अर्धा तास बघतात. कंपनीच्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो भिंतीवर लागला की मोबाइलने त्याचा फोटो काढू नये अशी पाटी असते, ती काकांनी वाचलेली असते, नंतर. हरतात ते एकाच जागी. माणशी रोजची टिप बिलात आपोआप चढते, आणि टिप ही देणाऱ्याच्या मनावर असते या तत्त्वासाठी ते शेवटच्या रात्री काउंटरवर रांग लावतात.

तरीही कंपनी त्यांना पुढच्या वर्षी सवलतीचा मेल पाठवते, आणि त्यात भोळेपणा नाही. काका एकटे येत नाहीत. दोन केबिन सोडून मुलगा असतो, त्याच्याकडे दारूचं पॅकेज असतं. सुनेला ऑफिसच्या मेलसाठी वायफाय लागतं. नातवाने व्हिडिओ गेमला आईचं कार्ड किती वेळा टेकवलं, ते कुणी मोजलेलं नसतं. काकांनी चार दिवसांत जेवढं वाचवलं, त्याच्या कितीतरी पट त्याच कुटुंबाने त्याच बोटीवर घातलेलं असतं. हिशेब मात्र प्रत्येक केबिनचा वेगळा निघतो, म्हणून काका जिंकल्याच्या आनंदात उतरतात. तुम्ही तो मुलगा किंवा ती सून असाल, तर तुमच्या केबिनचं बिल त्यांच्या हाती लागू देऊ नका. पुढच्या वर्षी बोटीऐवजी सगळ्यांना गणपतीपुळ्याला जावं लागेल, आणि तिथल्या मेनूकार्डाला उजवी बाजू असते.