व्याख्येकरी

फोडणीचा ठसका लागला की काही माणसांना शिंक येते; यांना व्याख्या येते.

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी निवृत्त गणिताचे सर असतातच. निवृत्तीनंतर कोणी शिकवण्या घेतं, कोणी सुडोकूला लागतं, आणि एखादा व्याख्येकरी होतो. पाऊस पडला, पाणी गेलं, जावई आला, की बाकीचे काहीतरी बोलतात किंवा करतात. हे व्याख्या करतात. ‘लिफ्ट : सामान जड असताना बंद पडणारं वाहन.’ ही अगदी सुरुवातीच्या काळातली, हात बसलेला नव्हता तेव्हाची.

युक्लिडनं आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात आधी 23 व्याख्या दिल्या आणि मग तो प्रमेयांकडे वळला. आमचे सर 23 वर थांबत नाहीत आणि प्रमेयाकडे तर वळतच नाहीत.

तरी मार्च 2020 पर्यंत हे सगळं बेतात होतं. 25 तारखेपासून देश 21 दिवसांसाठी बंद झाला आणि श्रोते घरात सापडले. टाळेबंदी वाढत गेली तशी सरांनी ग्रुपवर तिची व्याख्या टाकली : ‘21, 19, 14, 14... पुढचं पद काढा.’ त्यानंतर पहाटे सहाला फोन वाजला की समजायचं, सरांना जाग आली. ‘मास्क : नाक आणि तोंड सुरक्षित राहावं म्हणून हनुवटीला बांधायचं फडकं.’ ‘ऑक्सिमीटर : 98 दाखवून 97 ची काळजी लावणारं यंत्र.’ ‘वर्तुळ : वाण्याच्या दुकानासमोर खडूनं काढलेली बंद आकृती. हिच्या केंद्रस्थानी पिशवी उभी असते आणि पिशवीचा मालक कट्ट्यावर, घोळक्यात.’

यातलं गणित कच्चं आहे असं कोणी म्हणू नये. 1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सर्वांसाठी सुरू झाली, पण पहिल्या गाडीपासून सकाळी 7 पर्यंत, मग दुपारी 12 ते 4, मग रात्री 9 नंतर. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले. सरांनी एका ओळीत निकाल लावला : ‘रिक्त संच : लोकलची वेळ आणि कचेरीची वेळ यांचा छेद.’ रोज सव्वाआठची फास्ट पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलंय, त्याला या ओळीसाठी आकृती काढून द्यावी लागत नाही.

त्यांचा मुलगा आणि सून दोघंही संगणकातले. घर दोन खोल्यांचं. त्यामुळे आधुनिक नोकरीचा अभ्यास सरांना जेवणाच्या टेबलावरच करता आला. ‘समांतर रेषा : एकाच घरातल्या नवराबायकोच्या मीटिंगा. कितीही लांबवल्या तरी एकमेकांना भेटत नाहीत.’ ‘आवाज येतोय का? : नांदी.’ पण मला विचाराल तर त्यांची सर्वांत चोख व्याख्या कामाच्या दिवसाची. कचेरीत जाऊन केलेला दिवस हा रेषाखंड, त्याला दोन टोकं असतात. घरून केलेला दिवस हा किरण, त्याला आरंभबिंदू असतो, शेवट नसतो. आणि नव्या स्टार्टअपमधला दिवस ही रेषा, दोन्हीकडून उघडी. सुनेनं हे ऐकलं, लॅपटॉप मिटला आणि आठवड्यात पहिल्यांदा दिव्याच्या वेळेला स्वयंपाकघरात चहा घेत बसली.

काळ-काम-वेगाचं उदाहरणही त्यांनी नव्यानं मांडलं. 8 इंजिनियर एक काम 12 दिवसांत करतात. त्यांच्या मदतीला 2 मॅनेजर आले. तर काम किती दिवसांत होईल? इथे व्यस्त प्रमाण लागत नाही, असं सर बजावतात. शिवाय दर सोमवारी आढावा.

सरांचं दैवत म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं आणि मग तिथून हलत नाही. 2020 घेतलं तरी सहाव्या पायरीला 6174 च. सरांनी हे मीटिंगला लावलं : ‘विषय कोणताही घ्या, माणसं चार घ्या, फक्त चारही एकाच मताची नकोत. जास्तीत जास्त सात मुद्द्यांत “पुढच्या बुधवारी बोलू” येतं.’

एप्रिल 2021 मध्ये ग्रुपवर एकही व्याख्या आली नाही. कोणी कारण विचारलं नाही. जूनमध्ये लस सर्वांना फुकट मिळणार असं जाहीर झालं, तेव्हा सकाळी सहाला फोन वाजला : ‘लसावि : लस साऱ्यांना विनामूल्य. मसावि : मात्र साठा विरळ.’ कोटी सुमार होती. तिला ग्रुपवर आले तेवढे अंगठे आजवर कशालाच आले नव्हते.

या व्यक्तीची दुसरी बाजू म्हणजे काकू. काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांना आकडे येतात. एका वर्षी सोसायटीनं सरांना खजिनदार केलं. ताळेबंदाच्या जागी सभासदांना वाचायला मिळालं : ‘थकबाकीदार : ज्याची गाडी सर्वांत मोठी तो सभासद.’ सभेत टाळ्या पडल्या, ज्यांच्यावर होतं त्यांनीही वाजवल्या, आणि थकबाकी होती तिथेच राहिली. घरी काकू म्हणाल्या, “अहो, व्याख्या झाली ना? आता ती वही इकडे द्या.” तेव्हापासून हिशेब काकूंकडे आहे आणि तो पैशाला पैसा जुळतो.

तुमच्याही इमारतीत असा एक व्याख्येकरी असेलच. त्याला सूचनाफलक द्या, गच्चीच्या कट्ट्यावरची जागा द्या, सकाळी सहाच्या मेसेजला अंगठाही द्या. मेंटेनन्सची वही मात्र त्याच्या बायकोकडे द्या.